उजवा कौल

जुळ्याने नाही म्हटलं तेव्हा दर्शनाच्या गिरणीत इक्बालची नाचणी दळत होती. पट्ट्याच्या खडखडाटात कोणाला काही ऐकूच आलं नाही. इक्बालने फोन डोक्यावर धरून तांबडा झालेला पडदा फिरवून दाखवला, तेव्हा कुठे बाकावर बसलेल्यांची तोंडं उतरली.

"बंद कर गो वयनी गिरण! पीठ होऊ दे नायतर भुसा होऊ दे. दुर्वेशला तांबडा दिलान!"

दर्शनाने खटका पाडला. पट्टा गरगरत थांबला आणि पिठाची धूळ खाली बसायला लागली.

दुर्वेश गुरव म्हणजे तिचा दीर. लांज्याच्या अलीकडे तळकातळ नावाचं जे गाव आहे, तिथल्या तांबड्या मातीत चढाया करून करून त्याने कातळवीर या कबड्डी संघाच्या दुसऱ्या फळीपर्यंत मजल मारली होती. दुसरी फळी म्हणजे वाट बघणाऱ्यांची फळी. सराव त्यांनी करायचा, तालुक्याच्या गावी सामने त्यांनी खेळायचे आणि वरच्या संघातला कोणी लंगडायला लागला की फोनकडे डोळे लावून बसायचं. इकडे वरचा संघ तळाला गेला होता. मोसम संपताना तळाला राहील तो संघ लीग विकायला काढते, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. म्हणून सगळा जिल्हा एकच गोष्ट बोलत होता. दुर्वेशला वर घ्यायचा की नाही?

"तांबडा म्हणजे तांबडा," सावंत सर म्हणाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज दळणाचा डबा नसतानाही गिरणीत येत. "यंत्राला भीडभाड नसते. पोराला दोन वर्षं दुसऱ्या फळीत राहू द्या. मान तयार होऊ द्या."

"दोन वर्षांनी संघ कुठे असेल, सर? सुरतेला? तिकडे जाऊन ढोकळा खात टाळ्या वाजवायच्या काय?"

"इक्बाल, तू भावनेने बोलतोस."

"मी गुडघ्याने बोलतंय." इक्बालने उजवा पाय बाकावर ठेवला. एके काळी या पट्ट्यात त्याच्या हातात घोटा सापडला की चढाईवाला घरी सांगून आल्यासारखा झोपायचा. "तुमी आयुष्यात एकदा तरी कुणाचा पाय धरलात काय? हेडमास्तरचा सोडून?"

सगळे हसले. दर्शना हसली नाही. ती तांबड्या पडद्याकडे बघत होती.

जुळा म्हणजे काय, हे नीट सांगायला हवं, कारण अर्धा जिल्हा त्याला कुडमुड्या जोशाचा पोपट समजत होता. तो पोपट नव्हता. माणसाच्या सांध्यातले बंध दोरखंडासारखे असतात. प्रत्येक हिसक्याला त्यातले थोडे तंतू तुटतात, आणि झोपेत, विश्रांतीत शरीर ते परत विणतं. तुटणं विणण्याच्या पुढे गेलं की एक दिवस साध्या हिसक्याला दोर जातो. बघणाऱ्याला वाटतं नशीब. नशीब-बिशीब काही नसतं. खेळाडूच्या बनियनमध्ये विणलेले धागे अंगावरचा प्रत्येक ताण मोजायचे. रक्ताच्या थेंबात तुटलेल्या तंतूंचा चुरा किती उतरला, ते यंत्र बघायचं. हाडामांसाची आतली चित्रं काढून संगणकात त्या माणसाचं दुसरं शरीर उभं केलं जायचं. तो जुळा. खरा दुर्वेश कुडाळच्या शिबिरात भात जेवत असायचा, तेव्हा जुळा संगणकात सामने खेळत असायचा. मोसमामागून मोसम. पडायचा, मोडायचा, मरायचाही, आणि परत पहिल्या चढाईला उभा राहायचा.

दुर्वेशची अडचण मानेत होती. मेंदूपासून खाली उतरणारी मज्जारज्जू मणक्यांच्या ज्या नळीतून जाते, ती त्याला जन्मापासून अरुंद होती. शेतात राबून, लग्न करून, म्हातारं होऊन माणूस मेला तरी अशी गोष्ट कळत नाही. पण मान खाली दबलेली असताना वरून तिघांचं वजन आलं, की त्या अरुंद वाटेत रज्जू चिरडते. मानेचे स्नायू भरले तर धोका बराच उतरतो. त्याला वेळ लागतो, आणि वेळ कोणाकडे नव्हता.

आता मालकांची चलाखी ऐका. खेळाडू वर घ्यायचा की नाही, हे ठरवणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. 'संघ तुमचा, निर्णय तुमचा' असं म्हणत ते ओझं पाठीराख्यांच्या डोक्यावर दिलं. गावोगावच्या पाठीराखे मंडळांच्या प्रमुखांनी अटी घालून जुळ्याला प्रश्न विचारायचा, जुळ्याने हिरवा, पिवळा नाहीतर तांबडा रंग द्यायचा, आणि मग तो प्रश्न अटींसकट सगळ्यांच्या मताला जायचा. या मतदानाला त्यांनी नाव दिलं 'कौल'. थंडगार ऑफिसात बसलेल्या कोणा पगारी डोक्याने ते शोधलं असणार. कौल म्हटलं की कोकणी माणूस चप्पल काढतो, हे त्याला बरोबर ठाऊक. पोर जिंकलं तर संघ मालकांचा. पोर मोडलं तर लोकांनी कौल दिला होता, आम्ही कोण?

तळकातळच्या मंडळाची प्रमुख दर्शना होती. गिरणीतून ती सामन्यांवर जे तोंड सोडायची, ते ऐकायला जिल्हाभरातले लोक फोन कानाला लावून बसायचे.

दुपारी दुर्वेशचा फोन आला. मागे शिबिरातल्या पोरांचा कालवा होता.

"वयनी, तू विचार."

"तांबडा आलाय, दुर्व्या."

"दुसऱ्या मंडळवाल्यांनी विचारलानी म्हणून आला. काय विचारलानी? 'पूर्ण मोसम खेळला तर?' असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? मला तरी म्हणता येईल काय?" त्याचा आवाज चिरकला. "तू आबांची मुलगी ना? तुला विचारता येत नाय?"

हे वाक्य तिला लागलं, आणि लागेल हे त्याला माहीत होतं.

दर्शनाचे वडील आबा गुरव पावणाईच्या देवळात कौल लावायचे. देवीच्या पाषाणावर उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. पण डावी पडली म्हणून आबांच्या देवळातून कोणी तोंड पाडून परत गेलेला तिने पाहिला नव्हता. आबा खाकरायचे, प्रश्न जरा वळवायचे. 'मुलगी या स्थळी द्यावी काय?' डावी. 'माघात दिली तर?' डावी. 'देवीला खण-नारळ ठेवून, माघात, आधी थोरलीचं उरकून दिली तर?' उजवी! लोक रडत पाया पडायचे. दारात उभी राहून छोटी दर्शना ते सगळं पाठ करायची. घरी जाताना आबा म्हणायचे, "बाय, देव नाय म्हणत नाय. माणसाला विचारता येत नाय."

आबा गेले. देवळाचा मान चुलतभावाला गेला, कारण बाईने पाषाणाला हात लावायचा नसतो. त्या ठोंब्याला धड गाऱ्हाणं येत नव्हतं. ती दारातच राहिली. आणि आता इतक्या वर्षांनी एक देव असा मिळाला होता, की त्याच्यापुढे बसायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

जेवताना प्रथमेशने, तिच्या नवऱ्याने, ताट पुढे सरकवलं.

"तू विचारणार हाईस."

"पोर रडतंय अवो."

"लहान होता तेव्हा सुरी मागून रडायचा. दिलीस काय?"

तिने ते ताट परत त्याच्यापुढे ओढलं.

"आईने मरताना त्याला तुझ्या ओटीत घातलान, दर्शना. मी भाऊ असून माझ्याकडे नाय दिलान. ओटीतलं पोर पटावर लावू नको."

"मी काय लावतंय? जुळा सांगेल ता होईल. तांबडा आला तर तांबडा."

"तुझ्या बापाच्या देवळात कधी तांबडा आला होता?" प्रथमेश म्हणाला आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत उभं राहायला जागा नव्हती. दर्शनाने कपाळावरचं पीठ पदराने पुसलं आणि फोन पुढ्यात धरला.

"फक्त सामन्याच्या उत्तरार्धात खेळवला तर?"

तांबडा.

"उत्तरार्धात, आणि लागोपाठच्या सामन्यांत नाय?"

तांबडा. पण कडेला जरासा फिका. ते फिकेपण दर्शनाला दिसलं. आबांनाही असंच दिसायचं. कळी पडण्याआधी ओलावा सुटतो, तो.

तिने डोळे मिटले. खाकरली. आणि आवाजाची ती पट्टी लागली जी देवळाच्या दारात उभं राहून शिकलेली होती.

"उत्तरार्धात, लागोपाठ नाय, आणि चढाया फक्त बोनसच्या?"

पिवळा.

गिरणीत एकच आरडाओरडा झाला. बोनस म्हणजे कबड्डीतली अंगाला तोशीस न लावणारी कमाई. समोर सहा किंवा सात गडी असले की मागच्या बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवायचा, दुसरा हवेत ठेवायचा आणि सुटायचं. कोणाला शिवायचं नाही, कोणाच्या मिठीत जायचं नाही. मानेचा प्रश्नच येत नाही.

"आणि सामने फक्त घरच्या मैदानातले, नव्या मऊ मॅटवर?"

हिरवा.

इक्बालने दर्शनाच्या पायावर डोकं ठेवलं. "वयनी, तू गुरवीण नाय, तू पावणाईच!"

दर्शनाच्या अंगावर काटा आला होता. खोटं कशाला बोलायचं, त्या क्षणी तिला दुर्वेश आठवत नव्हता. आबा आठवत होते.

सावंत सर मागून म्हणाले, "दर्शना, एक विचारू? समोर पाचच गडी उरले, तर बोनस बंद होतो. तेव्हा काय?"

"तेव्हा त्याला पाठवायचा नाय."

"कोण नाही पाठवणार? तू असणार मैदानात?"

"सर," इक्बाल म्हणाला, "देवाने उजवा दिल्यावर गुरवाची उलटतपासणी घेत नायत. बसा."

सर बसले. बोनसचा तो नियम बाकावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होता. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. फक्त प्रश्नाला माहीत नव्हता, कारण दर्शनाने तो प्रश्नात घातला नव्हता. आणि जुळा विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचा. माणूस असता तर म्हणाला असता, 'बाई, तू मला फसवतेस की स्वतःला?' पण असं म्हणणारं यंत्र कोणी विकत घेत नाही.

मतदान झालं. तळकातळचा प्रश्न इतक्या मतांनी वर आला, की दुसऱ्या मंडळांनी आपले प्रश्न मागे घेतले. दुर्वेश वर गेला.

आणि पहिले सामने अगदी प्रश्नात मांडल्यासारखे झाले. उत्तरार्धात पोर उतरायचं, सात जणांच्या तोंडासमोर पाय टेकवून वाऱ्यासारखं परत यायचं. पकडणाऱ्यांच्या हातात हवा. लांज्यापासून खेडपर्यंत लोक वेडे झाले. दर्शना गिरणीतून आठवण करून द्यायची, "दुर्व्या, पाय टेकव नि पळ. हिरो व्हायला जाऊ नको." प्रथमेशसुद्धा एकदा हसला. म्हणाला, "चुकलं असेल माझं." ते ऐकायला ती किती दिवस तडफडत होती, तिचं तिला ठाऊक.

मग मोसमाचा शेवटचा सामना आला. जिंकलं तर संघ वाचतो, हरलं तर तळ. मैदानात मुंगीला जागा नव्हती. मंडळ-प्रमुख म्हणून दर्शनाला पुढची खुर्ची आणि हातात माइक.

सामना संपत आला, कातळवीर एका गुणाने मागे. समोर तिघेच गडी उरलेले. आधीच्या दोन्ही चढाया रिकाम्या गेलेल्या, त्यामुळे ही तिसरी. तिसऱ्या चढाईत गुण आणला नाही तर चढाईवाला बाद, सामना खलास. आणि समोर तिघे म्हणजे बोनस बंद. शिवायलाच हवं. आत जायलाच हवं.

प्रशिक्षकाने दुसऱ्या एका पोराला पुढे केलं. तो निघालाही.

तेवढ्यात वरच्या कोपऱ्यातून आवाज आला, "दुर्वेश!" मग दुसरीकडून. मग सगळीकडून. दुर्वेश, दुर्वेश, दुर्वेश. मैदानाला एकच तोंड फुटलं. इक्बाल खुर्चीवर उभा राहून छाती बडवत होता. प्रशिक्षकाने प्रेक्षकांकडे बघितलं. मग पुढच्या खुर्चीकडे बघितलं, दर्शनाकडे. प्रश्न तिचा होता. अटी तिच्या होत्या. नाही म्हणायचा हक्क असलेली तेवढी एकच बाई त्या मैदानात होती, आणि तिच्या हातात माइक होता.

"दुर्वेश!" दर्शना म्हणाली.

का म्हणाली, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. चार लोक आरती म्हणत असले की तोंड आपोआप उघडतं, तसं उघडलं. माइकमधून ते नाव सगळ्यांच्या वर गेलं. दुर्वेशने मान वळवून तिच्याकडे बघितलं, हसला, मातीला लावतात तसा मॅटला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेला.

त्याने उजव्या कोपऱ्यातल्या गड्याला शिवलं. त्या गड्याने त्याची कंबर धरली. दुसऱ्याने मांडी. तिसरा वरून आला. दुर्वेश तिघांना ओढत मध्यरेषेकडे सरकला, खाली झुकला, हात लांबवला. बोटं रेषेपलीकडे टेकली आणि तिघेही त्याच्या मानेवर कोसळले.

तिघे बाद. सामना जिंकला. संघ वाचला. मैदान नाचत होतं, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. ते तिघे गडी उठले, गुडघे झटकले. दुर्वेशची बोटं रेषेपलीकडे होती तशीच होती.

जुळा चुकला नव्हता. पहिल्या तांबड्यातच त्याने हाच मणका दाखवला होता.

कोल्हापूरच्या इस्पितळात संघाकडून एक बाई आल्या. फुलं आणली, डोळे पुसले, आणि जाताना सांगून गेल्या की कौल फक्त बोनसच्या चढायांचा होता, ही चढाई कौलाबाहेरची, तेव्हा संघाला फार काही करता येणार नाही. आणि संघ? तळातून वर आलेल्या संघाला गिऱ्हाईक चांगलं मिळतं. उन्हाळ्याच्या आत विकला. सुरतेला नाही, त्याच्याही पलीकडे.

प्रथमेश भावाचं सगळं करतो. कूस बदलतो, पुसतो, भरवतो. बायकोशी भांडत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. 'मीठ दे', 'दार लाव', एवढंच बोलतो.

इक्बाल गिरणीत येत नाही. तीन मैल लांबच्या गिरणीत दळण नेतो. सावंत सर मात्र आले. डबा नव्हता. बाकावर बसले, चष्मा पुसला.

"संघ गेला, पण दुसरी फळी इथेच राहिली, दर्शना. नवे मालक त्यातलं एक पोर वर घेणार म्हणतात. राजापूरकडचा आहे, गुणी आहे. खांद्याचं जरा आहे त्याच्या. पिवळ्यावर अडलंय." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "प्रश्न नीट मांडायला हवा. तुझ्यासारखं कोणाला जमत नाही."

"सर, तुमी?"

"तुझा प्रश्न चुकला नव्हता गं. अटी पाळल्या गेल्या नाहीत."

हाच माणूस त्या दिवशी मागून एकटा बोलला होता. तिने दळणाचा ब्रश उचलला आणि जात्याच्या तोंडातलं पीठ झाडायला लागली. सर बराच वेळ बसून निघून गेले. ते दुसऱ्या कोणाकडे जाणार, आणि दुसरा कोणीतरी विचारणार, हे तिला कळत होतं.

दुर्वेशची खाट गिरणीलगतच्या खोलीत आहे. गिरण चालू झाली की पूर्वी त्या खोलीतली जमीन पायाखाली थरथरायची. आता तो थरथराट त्याला फक्त जबड्यात कळतो.

भर दुपारी त्याने हाक मारली. "वयनी."

ती आत गेली. त्याची मान पट्ट्यात. डोळे मात्र तेच, सुरी मागणारे.

"माझा जुळा अजून चालू हाय ना?"

"करार संपेपर्यंत हाय."

"मग विचार ना. मी उठेन काय? डॉक्टर नुसते हात दाबून जातात. मला हात दाबलेला कळत पण नाय."

"दुर्व्या..."

"तुला येतं विचारायला. विचार."

दर्शना खाटेच्या कडेला बसली. फोन त्याला दिसणार नाही असा धरला आणि तोंडाने न बोलता बोटांनी लिहिलं. चालेल काय? तांबडा. कुबड्या घेऊन? तांबडा. उठून बसेल काय? तांबडा. आधाराने? घास तोंडापर्यंत नेईल काय? तांबडा. कडेला कुठे फिकेपण दिसतं का, म्हणून ती पडदा डोळ्यांजवळ नेत होती. उजवा हात? उजव्या हाताचं बोट? कधीतरी, थोडंसं तरी?

तांबडा.

"काय म्हणतो?" दुर्वेश छताकडे बघत म्हणाला.

"थांब हां. सांगतोय."

तिने उजव्या हाताने त्याचं बोट धरलं. गार होतं. वर उचललं, खाली ठेवलं. मग डाव्या हाताने लिहिलं: दुसऱ्या कोणी धरून हलवलं, तर त्याचं बोट हलेल काय?

हिरवा.

"हो म्हणाला, दुर्व्या," दर्शना म्हणाली. "हो म्हणाला."

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहायला लागलं. ते त्याला पुसता येत नव्हतं. ती पुसायला वाकली, आणि तेवढ्यात त्याचा चेहरा बदलला. तोही गुरवाच्याच घरातला. कौल कसा लावतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

"वयनी," तो म्हणाला. "काय विचारलंस?"

ती उठली.

"वयनी, काय विचारलंस ता सांग."

बाहेर कोणी दळण घेऊन आलं नव्हतं. जातं रिकामं होतं. दर्शना गिरणीत गेली आणि तिने खटका वर केला.